अकराव्या परीक्षानळीत काय आहे?

काही वर्षांपूर्वी एका गावच्या शाळेतले शिक्षक आमच्या प्रयोगशाळेत पाण्याची बाटली घेऊन आले. पाणी शाळेच्या आवारातल्या विहिरीचे होते. शेजारच्या शेतांत फवारणी बरीच होत असे, म्हणून त्यांना काळजी वाटत होती. तपासणी झाली. अहवालात क्लोरीनयुक्त कीटकनाशकांपुढे ‘आढळले नाही’ असे शब्द छापून आले. सरांनी कागद दोनदा वाचला आणि विचारले, “मॅडम, म्हणजे नाहीच ना?”

मी म्हणाले, “आमच्या यंत्राला दिसेल इतकं नाही, सर.”

त्यांना हे उत्तर आवडले नाही. “हे मी मुलांच्या आईवडिलांना कसं सांगू? आहे किंवा नाही, एवढंच ते विचारणार.”

त्यांचे म्हणणे रास्त होते. पण माझेही उत्तर टाळाटाळीचे नव्हते. ‘नाही’ आणि ‘आढळले नाही’ यांतले अंतर किती मोठे आहे, हे जगाला एका काडेपेटीएवढ्या उपकरणाने शिकवले. त्याची गोष्ट सांगण्याआधी वर्गात सहज करता येईल असा एक प्रयोग पाहू.

डोळा कुठे थांबतो?

एक ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट 100 मिलिलिटर पाण्यात विरघळवा. गडद जांभळे द्रावण मिळेल. ते पहिल्या परीक्षानळीत घ्या. त्यातले 1 मिलिलिटर दुसऱ्या नळीत घेऊन त्यात 9 मिलिलिटर पाणी घाला. दुसरीतले 1 मिलिलिटर तिसरीत, पुन्हा 9 मिलिलिटर पाणी. असे करत चला. प्रत्येक नळीत आधीच्या नळीच्या दहावा हिस्सा परमँगनेट असेल. पाचव्या-सहाव्या नळीशी रंग दिसेनासा होतो. मुलांना विचारा, “सहाव्या नळीत परमँगनेट आहे की नाही?” बहुतेक मुले आधी “नाही” म्हणतील आणि मग विचारात पडतील.

पहिल्या नळीत शंभरात एक भाग परमँगनेट होते. सहाव्या नळीत एक कोटीत एक भाग उरले. असेच पुढे गेलो तर अकराव्या नळीत एक लाख कोटीत एक भाग उरेल. डोळ्याने हार मानल्यावर आणखी पाच नळ्या पलीकडे पाहायचे, हेच आपल्या गोष्टीतल्या शास्त्रज्ञांचे काम होते.

वेगळे करणे आणि ओळखणे

टीपकागदाच्या पट्टीवर शाईचा ठिपका देऊन पट्टीचे टोक पाण्यात बुडवण्याचा प्रयोग आपण सर्वांनी केलेला असतो. पाणी वर चढते आणि शाईतले रंग वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. ही क्रोमॅटोग्राफी. मराठीत तिला वर्णलेखन म्हणतात. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पानांतली रंगद्रव्ये या रीतीने वेगळी केली. त्यांना वेगळ्या शोधकाची गरज पडली नाही, कारण रंग डोळ्यांनाच दिसत होते.

पुढे आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी 1941 मध्ये वर्णलेखनाची एक नवी पद्धत मांडली. त्याबद्दल त्यांना 1952 चे नोबेल पारितोषिक मिळाले. वाहून नेणारा पदार्थ पाण्यासारखा द्रवच हवा असे नाही, वायूही चालेल, असे त्यांनी त्याच निबंधात सुचवले होते. दशकभर कोणी ते मनावर घेतले नाही. अखेर मार्टिन यांनीच टोनी जेम्स यांच्याबरोबर लंडनच्या मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत ते करून दाखवले. त्यांचा निबंध 1952 मध्ये प्रसिद्ध झाला.

वायू वर्णलेखनात एक लांब, बारीक नळी असते. तिला स्तंभ म्हणतात. तिच्यात न उडणाऱ्या द्रवाचा लेप दिलेला असतो. मिश्रणाची वाफ करून ती नायट्रोजनसारख्या वाहक वायूबरोबर नळीतून सोडली, की काही घटक लेपात जास्त रेंगाळतात, काही कमी. त्यामुळे ते एकामागून एक बाहेर पडतात. पण बाहेर पडतो तो रंगहीन वायू, वाहक वायूत मिसळलेला. आता काहीतरी बाहेर आले, हे कळायचे कसे? इथे डोळ्याची जागा घेणारे काहीतरी हवे. तोच शोधक, म्हणजे डिटेक्टर.

तीन शोधक, तीन युक्त्या

जेम्स आणि मार्टिन स्निग्धाम्ले वेगळी करत होते. त्यांनी शाळेत होते तेच अनुमापन वापरले. स्तंभातून येणारा वायू दर्शक घातलेल्या द्रवात सोडायचा. आम्ल आले की दर्शकाचा रंग बदलतो. प्रकाशविद्युत घट तो बदल टिपतो आणि ब्युरेटमधून अल्कली आपोआप सोडतो. किती अल्कली लागली याची नोंद पेन कागदावर पायऱ्यापायऱ्यांनी करी. युक्ती सुंदर होती, पण ती आम्ले आणि अल्कली यांच्यापुरतीच चाले.

दुसरी युक्ती उष्णतेची. एक तार विजेने तापवून ठेवायची आणि तिच्यावरून हायड्रोजन किंवा हेलियम वाहू द्यायचा. हे वायू उष्णता चटकन वाहून नेतात. त्यांच्यात दुसरी कोणतीही वाफ मिसळली की तारेची उष्णता कमी प्रमाणात जाते, तार अधिक तापते, तिचा रोध वाढतो. हा वाढलेला रोध व्हीटस्टन सेतूने मोजायचा. बारावीच्या प्रयोगवहीतला तो सेतू इथे कामाला येतो. हा शोधक कोणताही पदार्थ ओळखतो, पण त्याची नजर अधू आहे.

तिसरी युक्ती ज्योतीची. हायड्रोजनची ज्योत जवळजवळ वीज वाहू देत नाही. तिच्यात कार्बनी पदार्थ जळू लागला की त्यातल्या लाखभर कार्बन अणूंमागे एखादा आयन तयार होतो. तेवढ्याने अतिशय क्षीण, पण मोजता येण्याजोगा प्रवाह वाहतो. हा शोधक 1958 मध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे पुढे आला. ऑस्ट्रेलियात मॅकविल्यम आणि ड्यूअर, तर दक्षिण आफ्रिकेत हार्ले, नेल आणि प्रिटोरियस यांनी तो मांडला. तापल्या तारेपेक्षा तो सुमारे हजारपटीने तीक्ष्ण आहे आणि आजही प्रयोगशाळांत सर्रास वापरला जातो.

आपली गोष्ट मात्र चौथ्या शोधकाची आहे. त्याचा जन्म एका दोषातून झाला.

वाऱ्याची झुळूक आणि सिगारेटचा धूर

जेम्स लव्हलॉक (1919–2022) हे मिल हिलच्याच संस्थेत काम करत. शिक्षणाने रसायनज्ञ, पण उपकरणे स्वतःच्या हाताने बांधण्यात त्यांचा जीव रमे. 1940 च्या दशकाच्या अखेरीस संस्थेत सर्दी कशी पसरते यावर संशोधन चालू होते. खोलीतल्या अगदी मंद झुळकी मोजायला काही हवे होते. लव्हलॉक यांनी किरणोत्सारी पदार्थाच्या साहाय्याने हवेत आयन तयार केले. झुळूक आली की हे जड आयन थोडे वाहून जात आणि प्रवाह बदले. उपकरण चांगले चालले, पण त्यात एक खोड होती. कोणी सिगारेट ओढली की त्याचे वाचन बिघडे. क्लोरीनसारख्या हॅलोजनांच्या काही संयुगांची वाफ आली तरी तेच होई.

झुळूक मोजणाऱ्याच्या दृष्टीने हा दोष होता. लव्हलॉक यांनी तो लक्षात ठेवला.

काही वर्षांनी ते गोठलेल्या पेशींना इजा का होते याचा अभ्यास करू लागले. त्यासाठी पेशींच्या आवरणातली स्निग्धाम्ले मोजायची होती. नमुना चिमूटभरच होता. मार्टिन आणि जेम्स यांनी सांगितले, एवढ्याशाने भागणार नाही. एक तर जास्त नमुना आणा, नाही तर आमच्या यंत्राला जास्त चांगला शोधक करून द्या. ही हकीगत लव्हलॉक यांनीच पुढे सांगितली आहे. त्यांनी दुसरा पर्याय निवडला. आधी त्यांनी आरगॉन वायूवर चालणारा शोधक केला आणि त्याच खटपटीतून 1957 मध्ये इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर जन्माला आला. आपण त्याला इलेक्ट्रॉन पकडणारा शोधक म्हणू.

प्रवाह घटतो तेव्हा

हा शोधक म्हणजे एक लहानशी धातूची डबी. तिच्या आतल्या बाजूला किरणोत्सारी पत्रा असतो. सुरुवातीला त्यात ट्रिटियम असे, पण पत्रा तापला की ते सुटू लागे. 1967 पासून निकेल-63 वापरात आले. त्याचे अर्धायुष्य सुमारे 100 वर्षे. निकेलमधून बीटा कण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. असा एक कण वाटेतल्या नायट्रोजनच्या रेणूंवर आदळत जातो आणि थांबण्यापूर्वी सरासरी 500 च्या आसपास इलेक्ट्रॉन मोकळे करतो. हे इलेक्ट्रॉन मंद असले तरी वजनाने अगदी हलके असतात. थोडा विभव दिला की ते झटकन धन विद्युतअग्राकडे जातात. डबीतून एक लहानसा प्रवाह एकसारखा वाहत राहतो.

आता स्तंभातून डीडीटीचे काही रेणू आले असे समजा. क्लोरीनच्या अणूंना इलेक्ट्रॉनची ओढ फार. ते वाटेतला इलेक्ट्रॉन पकडतात. पळणाऱ्या मुलाच्या खांद्यावर धान्याचे पोते ठेवावे तसे होते. हलका इलेक्ट्रॉन आता जड ऋण आयन झाला. तो सावकाश सरकतो, आणि विद्युतअग्रापाशी पोहोचण्याआधीच एखादा धन आयन भेटून त्याचा भार नाहीसा होतो. परिणामी प्रवाह घटतो. बाकीच्या शोधकांत काही आले की खूण वाढते. इथे किती कमी झाले ते मोजायचे.

याचे दोन परिणाम होतात. एक, तेल, तूप, पेट्रोल यांच्या रेणूंना इलेक्ट्रॉनची ओढ नसते, त्यामुळे या शोधकाला ते जवळजवळ दिसतच नाहीत. क्लोरीनयुक्त काही संयुगे मात्र त्यांच्यापेक्षा लाखो पटींनी ठळक दिसतात. गवताच्या गंजीतली सुई शोधायची, तर गवत अदृश्यच झाले. दोन, तो विलक्षण हळवा असतो. शेजारच्या खोलीत कोणी क्लोरोफॉर्मची बाटली उघडली म्हणून आमच्या आलेखाची मूळ रेषा दुपारभर वर गेलेली मी पाहिली आहे. लव्हलॉक एक दाखला देत. एक लिटर विशिष्ट फ्लुओरीनयुक्त द्रव जपानमध्ये घोंगडीवर ओतून वाळू दिला, तर थोड्याच दिवसांत इंग्लंडच्या हवेत तो या शोधकाने ओळखता येईल.

पेंग्विनच्या चरबीत डीडीटी

माझ्या लहानपणी हिवतापाच्या फवारणीला माणसे येत. घराच्या भिंतींवर पांढरे पट्टे उमटत आणि त्यावर तारीख लिहून ते पुढच्या घरी जात. डीडीटीने असंख्य जीव वाचवले, ही गोष्ट विसरून चालणार नाही. पण फवारलेले डीडीटी पुढे जाते कुठे, हे 1960 पूर्वी नीट कळत नव्हते. जे साधन हाताशी होते त्याला पाचव्या-सहाव्या नळीपलीकडचे दिसत नव्हते.

1961 मध्ये इंग्लंडमधल्या गुडविन, गूल्डन आणि रेनल्ड्स यांनी अन्नधान्यातले क्लोरीनयुक्त कीटकनाशकांचे अंश या शोधकाने ओळखता येतात हे दाखवले. पुढच्याच वर्षी रेचेल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ प्रसिद्ध झाले. हे पुस्तक या शोधकामुळेच लिहिले गेले असे पुष्कळदा सांगतात. तारखा पाहिल्या तर ते तितकेसे खरे नाही. पुस्तकातला बहुतेक पुरावा आधीच्या वर्षांतला, जुन्या पद्धतींनी मिळवलेला आहे. शोधकाचे खरे काम नंतरचे. पुस्तकाने उठवलेल्या वादात दोन्ही बाजूंना आकडे मिळाले. 1966 मध्ये अंटार्क्टिकातल्या ॲडेली पेंग्विनच्या शरीरात डीडीटीचे अंश सापडले. जिथे शेती नाही, डास नाहीत, तिथे डीडीटी पोहोचले होते.

या शोधकात एक उणीव आहे. काहीतरी आले एवढेच तो सांगतो, त्याचे नाव सांगत नाही. पदार्थ किती मिनिटांनी बाहेर पडला यावरून नाव ओळखावे लागते. स्वीडनमध्ये सोरेन येन्सन मासे आणि गरुडांतले डीडीटी मोजत होते. आलेखावर डीडीटीच्या आजूबाजूला काही अनोळखी शिखरे येत. यंत्राचा दोष म्हणून सोडून देणे सोपे होते. येन्सन यांनी संग्रहालयातली 1940 च्या दशकातली गरुडाची पिसे तपासली. डीडीटीचा वापर तेव्हा तिथे सुरू झाला नव्हता, तरी ती शिखरे होतीच. मग वस्तुमान वर्णपटमापीने त्यांनी नाव शोधले. ती पॉलिक्लोरिनेटेड बायफिनिले, म्हणजे पीसीबी होती. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरली जाणारी ही रसायने कोणी शेतात फवारली नव्हती. स्वतःच्या कुटुंबीयांच्या केसांतही येन्सन यांना ती मिळाली. हे सारे त्यांनी 1966 मध्ये जाहीर केले. 2001 च्या स्टॉकहोम करारात डीडीटी आणि पीसीबी दोघांचाही समावेश झाला.

जहाजावरचे घरगुती यंत्र

लव्हलॉक आता स्वतंत्रपणे काम करत होते. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सुटीत राहात असताना उन्हाळ्यात तिथली हवा धुरकट का होते, असा प्रश्न त्यांना पडला. धुके शहरांकडून येत असेल तर त्यात माणसाने बनवलेला एखादा वायू सापडायला हवा. त्यांनी रेफ्रिजरेटर आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरला जाणारा सीएफसी-11 मोजला. धुरकट हवेत तो जास्त होता, हे अपेक्षित होते. पण अटलांटिकवरून येणाऱ्या स्वच्छ वाऱ्यातही तो थोडा होताच. तो अमेरिकेहून आला, की सगळ्या वातावरणात साठत चालला आहे?

हे पाहायचे तर समुद्रावर जायला हवे. लव्हलॉक यांनी लिहिले आहे की त्यासाठीचा अनुदानाचा अर्ज फेटाळला गेला. इतके कमी प्रमाण मोजता येईल यावर परीक्षकांचा विश्वास बसला नाही. अखेर स्वतः बांधलेले यंत्र घेऊन ते 1971 मध्ये ‘शॅकल्टन’ या संशोधन जहाजावर चढले. जहाज ब्रिटनहून अंटार्क्टिकाकडे गेले आणि परतले. वाटेत घेतलेल्या प्रत्येक नमुन्यात सीएफसी-11 मिळाला. सरासरी प्रमाण एक लाख कोटी रेणूंमागे सुमारे 50. आपल्या नवव्या आणि दहाव्या नळीच्या मधले.

1973 मध्ये हा निबंध ‘नेचर’मध्ये आला. त्यात लव्हलॉक यांनी एक वाक्य लिहिले, की या संयुगांपासून कसलाही धोका संभवत नाही. मापन अचूक होते. त्याचा लावलेला अर्थ चुकला. इतक्या विरळ, विषारी नसलेल्या वायूचा श्वास घेणाऱ्याला काही त्रास नाही, एवढाच विचार त्यांनी केला होता. पुढे त्यांनी ही चूक कबूल केली.

निबंध छापून येण्याआधीच, 1972 मध्ये एका बैठकीत हे आकडे कॅलिफोर्नियातले रसायनज्ञ शेरवूड रोलंड यांच्या कानावर गेले. त्यांनी दुसराच प्रश्न विचारला. आजवर बनवलेला जवळजवळ सगळा सीएफसी-11 हवेतच असेल, तर त्याचे शेवटी होते काय? पावसात तो विरघळत नाही, कशाशी संयोग पावत नाही. मारिओ मोलिना यांच्याबरोबर त्यांनी 1974 मध्ये उत्तर मांडले. हा वायू वर वर जातो, तिथे जंबुपार किरणांनी फुटतो आणि त्यातून सुटलेला क्लोरीन ओझोनचा नाश करतो. 1985 मध्ये अंटार्क्टिकावरचे ओझोनचे विवर जाहीर झाले, 1987 मध्ये माँट्रियल करार झाला. रोलंड, मोलिना आणि पॉल क्रुट्झन यांना 1995 चे नोबेल मिळाले.

कराराची राखण करायलाही हाच शोधक उपयोगी पडला. सीएफसी-11 चे प्रमाण ठरल्या वेगाने घटत नाही, 2012 नंतर घट मंदावली आहे, असे 2018 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवले. कोणीतरी चोरून हा वायू बनवत होते. त्याचा मोठा भाग पूर्व चीनमधून येत असल्याचे 2019 मध्ये स्पष्ट झाले, आणि नंतर उत्सर्जन पुन्हा खाली आले.

‘नाही’ कोणी ठरवायचे?

आता सरांच्या प्रश्नाकडे परत येऊ. कायद्यालाही ‘नाही’ हा शब्द अवघड गेला आहे. 1980 मध्ये युरोपने पिण्याच्या पाण्यात कोणत्याही एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला 0.1 मायक्रोग्रॅम ठरवली. म्हणजे आपली नववी नळी. ही मर्यादा विषाच्या अभ्यासातून आलेली नव्हती. त्या काळी साधारण तेवढेच मोजता येत होते, म्हणून तेच ‘शून्य’ मानले गेले.

आपल्याकडे बाटलीबंद पाण्याच्या मानकात कीटकनाशके ‘शोधमर्यादेखाली’ असावीत एवढेच म्हटले होते. तपासणीची पद्धत जितकी अधू, तितके पाणी शुद्ध! 2003 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने दिल्ली आणि मुंबईतले बाटलीबंद पाणी वायू वर्णलेखनाने तपासले आणि त्यात कीटकनाशकांचे अंश दाखवले. त्यानंतर मानक बदलले. ‘शोधमर्यादेखाली’च्या जागी आकडा आला, प्रत्येक कीटकनाशकासाठी लिटरला 0.1 मायक्रोग्रॅम.

अहवालात आकडा हवा, तो यासाठी. ‘आढळले नाही’ या शब्दांपुढे ‘शोधमर्यादा इतकी’ असे लिहिले नसेल, तर त्या शब्दांना अर्थ नाही. आणि आकडा असला तरी तो किती धोक्याचा, हे शोधक सांगत नाही. ते ठरवायला वेगळे ज्ञान लागते. स्वतः शोधक बनवणारा माणूससुद्धा तिथे चुकू शकतो, हे आपण पाहिलेच.

सरांना मी शेवटी अहवालावर एक ओळ हाताने लिहून दिली. “या पद्धतीची शोधमर्यादा लिटरला 0.01 मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेचा दहावा भाग.” त्यांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, “हे सांगता येईल. आधी मुलांना सांगतो, मुलं घरी सांगतील.”

मुलांना सांगताना परीक्षानळ्यांची ओळ समोर ठेवा. सहावीपासून पुढच्या सगळ्या नळ्या सारख्याच स्वच्छ दिसतील. कोणत्या नळीत काय आहे हे बघून कळणार नाही. प्रत्येक नळीवर क्रमांकाची चिठ्ठी मात्र न विसरता लावा.